नानांनी निवडलेला फिल्टर

मित्रांनो, घाण खाऊन जगणाऱ्याची कहाणी ऐकायला कुणी बसत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दोन घटका बसा. मी आता फार थकलो आहे, आणि थकलेल्याला बोलून बरं वाटतं.

मी एक जुना फिल्टर आहे. काचेच्या टाकीत मासे पाळतात ना, त्या टाकीचं पाणी गाळणारा. टाकीच्या आत बसणारा नव्हे, बाहेर बसणारा. दुकानात मला कॅनिस्टर म्हणत, या घरात सगळे डबा म्हणतात. टाकी वर टेबलावर असते आणि मी खाली, पडद्याआड. एका नळीतून वरचं गढूळ पाणी माझ्या पोटात उतरतं, स्पंजातून आणि चिनी मातीच्या लहान लहान रिंगांमधून फिरतं, मग माझ्या डोक्यातली मोटर ते दुसऱ्या नळीने परत वर ढकलते. दिवसरात्र हेच. सण नाही, रविवार नाही. वर मासे मिरवतात आणि लोक मासे बघतात. खाली कुणी वाकलंच तर म्हणतं, "हे काय गुरगुरतंय?" एवढंच माझं कौतुक.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते बीडच्या एका दुकानातलं फळकूट. दोन वर्षं मी त्यावर खोक्यात बसून होतो. दुष्काळाचे दिवस होते. जिथे प्यायच्या पाण्याची वाट बघावी लागत होती, तिथे माशांची हौस कोण करणार? दुकानदार उत्तरेश्वर हा तरुण माणूस सकाळी खोक्यांवरची धूळ झटकायचा आणि दिवसभर स्वतःच्याच टाक्या बघत बसायचा. धूळ खायची आणि वाट बघायची, एवढंच काम. मी नवा होतो आणि तेव्हाच कंटाळलो होतो.

मग एका दुपारी शहादेवनाना आले.

नाना नेकनूरकडच्या एका गावातले, गावच्या सहकारी दूध संस्थेचे एकतीस वर्षं सचिव. सचिव म्हणजे खुर्ची उबवणारे नव्हेत. पहाटे पाचला संस्थेचं दार उघडायचं, दुधाची फॅट मोजायची, आणि दूध गाडीत चढलं की मागे उरलेले कॅन स्वतः धुवायचे. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा आणि नारळाचा काथ्या. कुणाचा कॅन आंबूस आला की नाना भर रांगेत म्हणायचे, "घरी न्या. आधी कॅन धुवून आणा, मंग दूध आणा." त्यातून सरपंच सुटला नाही की सख्खा मेहुणा सुटला नाही. या संस्थेचं दूध कधी नासलं नाही, अशी ख्याती होती. प्रत्येक माणसाचा एखादा गुण असा असतो की त्यावर त्याचं सगळं आयुष्य उभं असतं. नानांचं आयुष्य सोड्यावर उभं होतं.

लागोपाठ दोन सालं कोरडी गेली आणि गावातली जनावरं चारा छावणीत गेली. नानांच्याही दोन गाई, एक कालवड आणि एक म्हैस गेली. त्यांच्या मंडळी, जानकीबाई, चार महिने छावणीतच राहिल्या. वर पाचटाचा आडोसा, खाली शेण, आणि दिवसभर उन्हात पाण्याच्या टँकरची वाट. इतकं करूनही शेवटी जनावरं विकावी लागली. बाजाराला नाना एकटे गेले. गावात दूधच उरलं नाही म्हटल्यावर संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. नाना घरी बसले आणि जानकीबाईंनी बोलणं टाकलं.

अगदी मुक्या झाल्या असं नव्हे. पण विचारलं तेवढंच उत्तर. भाकरी चतकोर खाऊन ताट सारायच्या. पहाटे पाचला मात्र सवयीने उठायच्या, रिकाम्या दावणीपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि हात हालवत परत यायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पुढे टाकीपाशी बसून त्या माशांना सांगायच्या आणि ते सगळं माझ्यापर्यंत यायचं. माझं कामच तसं आहे, वर जे सांडतं ते माझ्याकडे येतं.

त्यांचा मुलगा धर्मराज पुण्याला नोकरीला. घर बदलताना त्याला तीन फुटी टाकी नकोशी झाली, म्हणून त्याने ती सात गोल्डफिशसकट गावी आणून ठेवली. जानकीबाईंनी टाकीकडे बघून महिन्याभरात पहिलं लांब वाक्य उच्चारलं.

"दूध देत न्हाई, शेण देत न्हाई, हाक मारली तर वळून बगत न्हाई. कावून आणलंस रं हे?"

आठ दिवसांत त्या माशांना विकलेल्या जनावरांची नावं पडली होती. तांबूस होती ती तांबडी, चपळ होती ती हरणी, लहानगी होती ती कालवड. एक काळी, बटबटीत डोळ्यांची होती. तिला त्यांनी सरळ म्हशीचं नाव दिलं, चंद्री. उरलेल्या तिघींना माहेरच्या जुन्या गाईंची नावं मिळाली. पहाटे पाचला आता दावणीऐवजी टाकीपाशी उभ्या राहायच्या. त्या आल्या की सातही मासे काचेला तोंड लावायचे. हाक मारली तर वळून बघत होते की! जानकीबाई पुन्हा दोन भाकरी खाऊ लागल्या. नानांनी ते पाहिलं, पण बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं तर थांबेल अशी त्यांना भीती वाटायची.

पण गोल्डफिश म्हणजे घाण करणारी जात, बरं का. पुण्याहून आलेला छोटा फिल्टर त्यांना पुरेना. दर आठवड्याला टाकीचं सगळं पाणी बदलावं लागे, आणि गावात टँकर आठ दिवसांनी एकदा. जानकीबाई स्वतःच्या अंघोळीचं पाणी राखून टाकीत घालू लागल्या. ओला पंचा अंगावरून फिरवला की झाली त्यांची अंघोळ. हे किती दिवस चालणार? टाकी द्यावी तर बायको पुन्हा मुकी होणार, ठेवावी तर पाणी कुठून आणायचं? म्हणून नाना एसटीत बसून बीडला आले.

"पानी कमी बदलावं लागंल असं काय हाय का?" त्यांनी दुकानात पाय ठेवताच विचारलं.

उत्तरेश्वरने आधी टाकीच्या आत बसणारा फिल्टर दाखवला. नानांनी तो हातात फिरवला आणि परत दिला. "भांड्यातच गाळणी ठिवून कुणी दूध गाळतंय का? घाण हितंच, दूध बी हितंच. न्हाई जमणार."

मग टाकीच्या पाठीला टांगायचा दाखवला. नानांनी त्याचं झाकण एका बोटाने उचललं. "झाकण नुसतं ठिवलंय. रबर न्हाई, कडी न्हाई. माशी बसंल."

"नाना, पाण्यात माशी कशाला बसती?"

"बसंल," नाना म्हणाले.

मग माझ्यासारखेच दोघं खाली उतरवले. एक माझ्याहून मोठा, पोटात निळा दिवा लागणारा. नानांनी त्याच्याकडे धड बघितलंही नाही. "दिवे कशाला? लगीन हाय का?" मग ते माझ्याकडे वळले. चारी बाजूंच्या चिमट्या एकेक करून उघडल्या, झाकण उचललं, आणि झाकणाच्या रबरात तर्जनी फिरवून त्या बोटाचा वास घेतला. दोन वर्षांत मला इतक्या आदराने कुणी हात लावला नव्हता.

"हे तर आपलं कॅनच हाय की," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "लिटर किती?"

"तासाला हजार लिटर फिरवतो. तुमची टाकी शे-सव्वाशेची. निवांत पुरंल."

अशी माझी निवड झाली. खरं सांगायचं तर वस्तू योग्य निवडली, कारण चुकीचं होतं. मी दुधाच्या कॅनसारखा दिसत होतो म्हणून मला घरात घेतलं गेलं. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

निघताना उत्तरेश्वरने हात जोडून बजावलं. "नाना, महिनाभर उघडूच नका. नंतर बी लई धुवायचं न्हाई. रिंगा टाकीतल्याच पाण्यात नुसत्या हालवून घ्यायच्या. मोटर चालू ऱ्हाऊ द्या, बास."

नानांनी मान डोलावली. पण कसं आहे, एकतीस वर्षं त्यांना लोक हेच सांगत आले होते. "नाना, कॅन कशाला धुवायचा, उद्या परत दूधच भरायचं की." कामचुकारांचं बोलणं ऐकून घ्यायचं आणि आपलं काम करायचं, ही त्यांची जुनी रीत.

पहिला महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना. टाकीचं पाणी असं नितळ झालं की मासे हवेत तरंगतात असं वाटे. आठवड्याला एक घागर काढायची, ती वांग्याच्या रोपांना घालायची आणि एक घागर ताजं घालायचं, एवढ्यावर भागू लागलं. जानकीबाई पुन्हा बादलीभर पाण्याने अंघोळ करू लागल्या. शेजारपाजारचे बघायला यायचे. कुणी टोमणाही मारायचं, "गावात प्यायला पानी न्हाई अन् नानानं बगायला ठिवलंय." जानकीबाई तिथल्या तिथे हिशेब सांगायच्या, तुमच्या पोरांच्या एका अंघोळीपेक्षा कमी लागतं म्हणून. त्या बोलत होत्या. भांडतसुद्धा होत्या. नाना खाटेवर बसून ऐकायचे आणि आडवे होऊन डोळे मिटायचे.

आणि माझ्या पोटात काय चाललं होतं ते ऐका. रिंगांवर तपकिरी, बुळबुळीत साय धरली होती. दिसायला घाण, पण ती जिवंत होती. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव त्या सायीत राहत होते. माशांच्या मलमूत्राचं पाण्यात विष होतं, ते विष हे जीव खाऊन टाकत. पाणी नितळ दिसायचं ते स्पंजामुळे, पण मासे जगायचे ते या सायीमुळे. वीज गेली की या जिवांचा श्वास कोंडायचा आणि मी घाबरा व्हायचो. वीज आली की जिवात जीव यायचा. बाकी मी सुखी होतो.

महिना भरला त्या सकाळी नानांनी मला अंगणात नेऊन उघडलं. आत नजर टाकली आणि दोन पावलं मागे सरले.

"आरं आरं आरं! हे कॅन हाय का गटार?"

त्यांना शरम वाटली, मित्रांनो. आपल्या घरात, आपल्या हाताखाली, असा कॅन! चुलीवर पातेलं चढलं. उकळत्या पाण्यात मूठभर सोडा पडला आणि माझ्या रिंगा त्यात पडल्या. काथ्याने माझं पोट आतून खरवडलं. रिंगा खाटेवर उन्हात वाळत घातल्या. मला ओरडता आलं असतं तर गाव गोळा केलं असतं. पण माझ्या डोक्यात मोटर आहे, गळ्यात आवाज नाही. नानांनी रबरात बोट फिरवून वास घेतला आणि समाधानाने म्हणाले, "आता कसं!"

तिसऱ्या दिवशी टाकीचं पाणी पांढुरकं झालं, दुधासारखं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. चौथ्या दिवशी सकाळी हरणी कलंडलेली होती.

नानांना वाटलं, अजून घाण राहिली असणार. पुन्हा पातेलं, पुन्हा सोडा. मग रोजच. संस्थेला कुलूप लागल्यापासून त्या माणसाचे हात रिकामे होते, आता पहाटे पाचला त्यांना पुन्हा धुवायला कॅन मिळाला. मी जेवढा पांढरा होत गेलो तेवढं वरचं पाणी विषारी होत गेलं. आणखी दोन गेल्या. माझ्या रिंगांवर सोड्याखेरीज दुसरं काही टिकेना, आणि सोडा खाऊन विष जिरत नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. नाना एका सकाळी जानकीबाईंवर खेकसले.

"तूच लई टाकतीस खायला. छावणीत पेंड टाकल्यावानी टाकतीस."

"चिमूटभर तर टाकते वो," जानकीबाई म्हणाल्या.

"मंग मरतेत कावून?"

त्या दिवशी जानकीबाईंनी माशांना खाणं टाकायचं थांबवलं. दुसऱ्या दिवशी टाकीकडे पाठ करून बसल्या. वर मासे काचेला तोंड लावून वाट बघत होते आणि त्या भिंतीकडे बघत स्वतःशीच म्हणाल्या, "माझ्या हाताला आता जनावर लाभत न्हाई. छावणीत बी न्हाई लाभलं." ताटातली भाकरी पुन्हा चतकोरावर आली. मी सोडा सहन केला, काथ्या सहन केला, पण हे वाक्य माझ्यात उतरलं ते आजही गाळून निघालेलं नाही.

शेवटी नाना मला मांडीवर घेऊन बीडला गेले. मोटर बिघडली असणार अशी त्यांची खात्री होती. उत्तरेश्वरने चिमट्या उघडल्या, वाकून बघितलं, आणि नाक वर केलं.

"नाना, सोड्याचा वास येतोय."

"यील की. रोज धुतो. पाच वाजता," नाना ताठ मानेने म्हणाले.

"रोज?" उत्तरेश्वर स्टुलावर टेकला. "नाना, ह्या रिंगावर तपकिरी साय धरती ना, ती जिती असती. माशाच्या घाणीचं ईष तीच खाती. तुमी रोज तिलाच मारायलात, अन् मला इचारता मासे कावून मरतेत."

नानांनी माझं झाकण परत बसवलं. मग म्हणाले, "एकतीस वर्सं म्या..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

"माझ्या टाकीतला जुना स्पंज देतो थोडा," उत्तरेश्वर म्हणाला. "त्याच्यावरची साय ह्याच्यात पसरंल."

"दुसऱ्याची घाण म्या घरात न्हेणार न्हाई," नाना म्हणाले आणि मला उचलून निघाले.

घरी जानकीबाईंनी विचारलं, "काय म्हणलं ते पोरगं?"

"काय न्हाई. मोटर चांगली हाय म्हणला."

हे ऐकून मला जो संताप आला, तो सांगता येत नाही. सोडा मला कळत होता, तो अज्ञानाचा होता. हे अज्ञान नव्हतं. नानांनी दुसऱ्या दिवसापासून मला धुणं बंद केलं. म्हणजे पटलं होतं! पण बायकोला एक शब्द सांगितला नाही. चार दिवस ती बाई भिंतीकडे तोंड करून स्वतःला दोष देत बसली, आणि चार दिवस हा गृहस्थ खाटेवर बसून संस्थेच्या बंद कुलपाची किल्ली खिशात चाचपत राहिला. साय काही चार दिवसांत धरत नाही. पाचव्या दिवशी कालवड गेली.

त्या दुपारी जानकीबाईंनी शेजारच्या वच्छलाबाईंना बोलावून आणलं. वच्छलाबाई त्यांच्या जुन्या मैत्रीण, दुष्काळातही एक शेळी जगवलेल्या.

"वच्छले, न्हे ही टाकी तुज्याकडं. तीन ऱ्हायलेत. तुज्या दारात जनावर तगतं. माझ्या नदरंसमोर नको."

वच्छलाबाईंनी पदर खोचला आणि टाकीला एका बाजूने हात घातला. पाणी हिंदकळलं. नाना खाटेवर होते.

"ठिवा ती," नाना म्हणाले.

दोघी थांबल्या.

"तिच्या हाताचं काय बी न्हाई. मासे म्या मारले." नाना वच्छलाबाईंकडे बघून बोलत होते, बायकोकडे बघायचं धाडस होत नव्हतं. "रोज सोड्यानं धुतलं. त्याच्या पोटात जीव असतेत, ते मारले. म्हून मासे मेले. त्या पोरानं सांगितलं मला."

एकतीस वर्षं भर रांगेत दुसऱ्यांचे कॅन परत पाठवणारा माणूस शेजारणीसमोर स्वतःचा कॅन नासका निघाला म्हणून सांगत होता. माझा राग तिथेच विरला.

जानकीबाई खाटेपाशी आल्या. मग म्हणाल्या, "आवो, इरजणाचं मडकं कुणी सोड्यानं धुतं व्हय?"

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. नानांनी मान खाली घातली. सगळं दूध खातं कोळून प्यालेल्या माणसाला ही एक गोष्ट सुचली नव्हती, कारण दह्याचं मडकं कधी त्यांच्या हातात आलंच नव्हतं. ते बायकांचं खातं.

"कवा सांगितलं त्यानं?" जानकीबाईंनी विचारलं.

"झाले पाच दिस."

"पाच दिस. अन् मला का बोलला न्हाईत?"

"लाज वाटली," नाना म्हणाले.

"मंग माझा हात न्हाई?"

"तुजा हात न्हाई, जानके. माजा हात."

जानकीबाई टेबलाला धरून खाली बसल्या, अगदी माझ्याजवळ, आणि रडू लागल्या. नुसत्या माशांसाठी नव्हे. हरणी, तांबडी, चंद्री, कालवड अशी नावं घेत होत्या, आणि ती चार पायांच्यांची नावं होती. जनावरं बाजाराला गेली त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. वच्छलाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. नाना उठून बाहेर गेले नाहीत, तिथेच बसून राहिले. पुरुषमाणसाला ते जड जातं, पण बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकीबाईंनी स्टीलचा कडीचा डबा घासला, नुसत्या राखेने, आणि पिशवीत घातला.

"कुठं चाललीस?" नाना.

"बीडला. इरजण आणायला."

जनावरं गेल्यापासून त्यांनी गावाची शीव ओलांडली नव्हती. दुपारी परतल्या तेव्हा डब्यात उत्तरेश्वरच्या टाकीतला काळपट स्पंज होता, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवलेला. त्यांनी तो माझ्या रिंगांवर असा ठेवला की जणू तान्ह्याला निजवलं. पंधरा-वीस दिवस त्या रोज एकेक तांब्या पाणी बदलत राहिल्या. आधी पांढुरकेपणा गेला, मग मासे वरून खाली उतरले. तांबडी, चंद्री आणि माहेरच्या नावाची एक, अशा तिघी वाचल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, दम लागतो. पाऊस झाला. संस्था उघडली. दावणीला एक गाय आली. जानकीबाईंना टाकीपाशी बसायला आता वेळ नसतो, सकाळी चिमूटभर खाणं टाकून त्या गोठ्यात जातात. कौतुकाचे दिवस संपले, आता मी पडद्याआडचा गुरगुरणारा डबा आहे. त्याचं वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण ज्या बाईला माझी गरज उरली नाही, ती बरी झाली म्हणून उरली नाही, हेही कळतं.

मित्रांनो, मला एवढंच मागायचं आहे. एखादी वस्तू घरात आणाल तेव्हा ती कशासारखी दिसते यावर जाऊ नका, ती काय करते ते विचारा. धुण्याआधी तिच्या पोटात काय जगतंय ते बघा. आणि हातून काही मेलं तर त्याचं खापर जवळच्या माणसावर फोडू नका. मेलेलं परत येत नाही, पण खापर ज्याच्या डोक्यावर फुटतं तो रोज थोडा थोडा मरतो. मी फिल्टर आहे, मला पुष्कळ गाळता येतं. तेवढं मात्र येत नाही.

आता माझी मोटर खरोखरच जायला टेकली आहे. चिमटी तुटली, रबर कडक झालं, खालून पाणी पाझरतं. परवा नाना नवा फिल्टर निवडायला गेले, घरी येऊन ते जानकीबाईंना सांगत होते. त्यांनी झाकण उचललं नाही, वास घेतला नाही. एकच प्रश्न विचारला, "जुन्याच्या रिंगा ह्याच्यात बसतेल का?" बसतील म्हटल्यावर तोच घेतला.

आज सकाळी तो माझ्याशेजारी उघडा ठेवला आहे. कोरा, पांढरा, पोटात काही नसलेला. नाना माझ्या तपकिरी, बुळबुळीत रिंगा काढायला वाकले, तेवढ्यात जानकीबाई गोठ्यातून हात पुसत आल्या.

"सरका," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं घालते."

नाना सरकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी नळी धरून ठेवली.